व्यक्तिनामनोंद

व्यक्तिनामनोंद : ग्रंथ, निबंध, चित्रपट, ध्वनिमुद्रिका इ. कृतींच्या सूचीत कर्त्याचे नाव अशा रीतीने नोंदविणे, की त्यावरून नेमकी तीच व्यक्ती ओळखता यावी, तिच्या सर्व कृती एकत्र सापडाव्यात आणि दुसऱ्या कोणाची कृती तिच्या नावावर जमा होऊ नये. पूर्वी हे काम ग्रंथालयांतील तालिकाकार आणि कोशांचे संपादक करीत असत. गेल्या काही दशकांत मात्र आंतरजालावर असे सहयोगी माहितीसंचय उभे राहिले आहेत, की ज्यांत परस्परांस अपरिचित असे असंख्य स्वयंसेवक नोंदी करतात व इतरांच्या नोंदी दुरुस्तही करतात. सर्वविषयसंग्राहक विकिडेटा (२०१२), संगीतविषयक म्यूझिकब्रेन्झ आणि डिस्कॉग्ज हे त्यांतील प्रमुख होत. १९९० मध्ये सुरू झालेला आयएमडीबी हा चित्रपटविषयक संचयही मुख्यतः प्रेक्षकांनी पुरविलेल्या माहितीवर वाढला. येथे नोंदलेले नाव तेथेच राहत नाही. शोधयंत्रे, ग्रंथविक्रेते, संगीत ऐकविणाऱ्या सेवा, विद्यार्थ्यांचे प्रबंध असा त्याचा प्रवास होतो. त्यामुळे एका नोंदीतील चूक पुष्कळ ठिकाणी उमटते आणि एखाद्याच्या आयुष्यभराच्या कामाचे श्रेय दुसऱ्याकडे जाऊ शकते.

या विषयातील मूळ अडचण अशी, की नाव आणि व्यक्ती यांचे नाते एकास एक असे नसते. अनेकांचे नाव एक असते आणि एकाची नावे अनेक असतात. धर्मानंद दामोदर कोसंबी (१८७६–१९४७) हे पाली भाषेचे व बौद्ध धर्माचे गाढे अभ्यासक. त्यांचे पुत्र दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–६६) हे गणितज्ञ व इतिहासकार. नातवास आजोबांचे नाव ठेवण्याच्या प्रथेमुळे पितापुत्रांची नावे एकमेकांच्या उलट झाली आहेत. मराठीत ध. दा. आणि दा. ध. अशी आद्याक्षरे लिहिल्यास भेद टिकून राहतो. रोमन लिपीत द आणि ध ही दोन्ही व्यंजने डी या एकाच अक्षराने दर्शविली जातात आणि दोघेही डी. डी. कोसंबी होतात. दोघांचे विषय भिन्न असल्याने घोटाळ्याचे कारण नाही, असे म्हणावे तर तेही खरे नाही. हार्व्हर्ड ओरिएंटल सीरीज या ग्रंथमालेचा ४१ वा खंड म्हणजे हेन्री क्लार्क वॉरेन यांनी संपादिलेला व धर्मानंदांनी संशोधिलेला विसुद्धिमग्ग (१९५०) होय, तर ४२ वा खंड म्हणजे दामोदर कोसंबी व वा. वि. गोखले यांनी संपादिलेला सुभाषितरत्नकोश (१९५७). एकाच मालेतील लागोपाठचे दोन खंड, दोन्ही प्राचीन ग्रंथांची संपादने आणि दोहोंवर कोसंबी हे आडनाव. त्यातच धर्मानंदांचा खंड त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेला. म्हणजे केवळ प्रकाशनवर्ष पाहून कर्ता ठरविणाऱ्यास तो मुलाचाच वाटावा. याउलट दामोदर कोसंबी यांनी काही गणितविषयक निबंध एस. ड्युक्रे या टोपणनावाने लिहिले. नावावर विसंबणाऱ्या यंत्राने वडिलांचे काम मुलाच्या खात्यावर मांडावे आणि मुलाचे स्वतःचे काम परक्याचे समजून वगळावे, अशी ही स्थिती आहे.

म्हणून चांगल्या नोंदीत तीन गोष्टी परस्परांपासून अलग ठेवतात : कृतीवर प्रत्यक्ष छापलेले नाव, ते नाव ज्या व्यक्तीचे आहे ती व्यक्ती आणि वर्णानुक्रम लावण्यासाठी योजलेले त्या नावाचे रूप. पहिली गोष्ट पुराव्याची, दुसरी निर्णयाची व तिसरी सोयीची असते. नामनोंदीतील बहुतेक दोष या तिन्हींची सरमिसळ केल्याने उद्‌भवतात.

पूर्वेतिहास : लंडन येथील ब्रिटिश म्यूझियमच्या ग्रंथालयासाठी अँटोनियो पानित्सी यांच्या नेतृत्वाखाली १८४१ मध्ये ९१ नियम तयार झाले, त्यांतील बरेचसे नियम ग्रंथकाराचे नाव कसे लिहावे, याविषयीचे आहेत. चार्ल्स कटर या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ मध्ये तालिकेचे उद्देश स्पष्ट केले : वाचकास ग्रंथकर्त्याचे नाव माहीत असेल तर ग्रंथ सापडावा आणि त्या कर्त्याचे ग्रंथालयात काय काय आहे, हेही दिसावे. यांतील दुसऱ्या उद्देशासाठी नावाचे एक प्रमाण रूप ठरवून इतर रूपांवरून त्याकडे निर्देश करणे आवश्यक ठरले. भारतात शि. रा. रंगनाथन (१८९२–१९७२) यांनी आपल्या तालिकासंहितेत (१९३४) भारतीय नावांचा बारकाईने विचार केला. त्यांचे स्वतःचे नावच या प्रश्नाचे उत्तम उदाहरण आहे. शियाली हे गावाचे नाव, रामामृत हे वडिलांचे आणि रंगनाथन हे त्यांचे स्वतःचे. शेवटचे पद ते आडनाव, असे समजणाऱ्या पाश्चात्त्य सूचीत ते ‘रंगनाथन’ याखाली सापडतात हे ठीकच. परंतु ते त्यांचे कुलनाम नव्हे. १९६१ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने नावाचा प्रवेशशब्द ठरविताना त्या व्यक्तीच्या देशातील रूढी पाहावी, असे तत्त्व मान्य केले. तेव्हापासून हे तत्त्व सर्वमान्य आहे. पाळले जाते असे नाही.

मराठीत शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५० या कालखंडांतील मराठी ग्रंथांची सूची एकहाती सिद्ध केली. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांच्या चरित्रकोशांमागेही एकाच माणसाची चिकाटी होती. एकहाती कामात चुका होतात, पण त्या एकाच पद्धतीच्या होतात आणि जाणत्यास त्यांची चाल ओळखता येते. सहयोगी संचयात प्रत्येक नोंदकाराची समजूत निराळी असते, हा दोहोंतील महत्त्वाचा भेद होय.

नामपद्धती : नावाचे ‘पहिले’, ‘मधले’ आणि ‘शेवटचे’ असे तीन भाग असतात, ही कल्पना संगणकीय नमुन्यांत रूढ आहे. ती जगाच्या फार थोड्या भागास लागू पडते. चिनी व हंगेरियन नावांत कुलनाम आधी येते. जपानी नावेही तशीच. मात्र रोमन लिपीत ती उलटी लिहिण्याची चाल होती, ती सोडून १ जानेवारी २०२० पासून जपानी शासनाने आपल्या दस्तऐवजांत कुलनाम आधी लिहिण्यास सुरुवात केली. आइसलँडमध्ये बहुतेकांना कुलनाम नसतेच. तेथील दूरध्वनिसूची व्यक्तीच्या स्वतःच्या नावाने लावलेली असे. गाब्रिएल गार्सीआ मार्केस यांची नोंद ‘गार्सीआ’खाली होते, कारण ते वडिलांकडून आलेले आडनाव आहे. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस ऊ थांट यांच्या नावातील ‘ऊ’ हे केवळ आदरार्थी पद आहे. त्यांचे नाव थांट एवढेच. आडनावाचा रकाना भरल्याशिवाय पुढे जाऊ न देणाऱ्या नमुन्यात अशा व्यक्तीचे आडनाव नोंदकाराला बनवावे लागते.

मराठी नाव वरवर पाहता तीन रकान्यांत चपखल बसते आणि म्हणूनच फसवते. त्यातील मधले पद हे इंग्रजी पद्धतीचे दुसरे वैयक्तिक नाव नसून वडिलांचे किंवा पतीचे नाव असते. ते माहिती आहे, अलंकार नव्हे. कवी विनायक म्हणजे विनायक जनार्दन करंदीकर (१८७२–१९०९) आणि कवी विंदा म्हणजे गोविंद विनायक करंदीकर (१९१८–२०१०). ‘गोविंद विनायक’ या नावाचा अर्थ ज्याला कळतो, त्याला विंदांचे वडील विनायक करंदीकर होते हे कळते. आणि नेमका तोच अर्धवट जाणता मनुष्य दोन कवींना पितापुत्र ठरवून मोकळा होण्याचा संभव असतो. एकाचे निधन दुसऱ्याच्या जन्माच्या नऊ वर्षे आधी झाले, एवढे पाहिले तरी हा तर्क कोसळतो. जन्ममृत्यूची वर्षे नावाला जोडण्याचा कोशांतील परिपाठ केवळ शोभेसाठी नाही.

दत्तकविधानाने तर नाव मुळापासून बदलते. कुसुमाग्रजांचे जन्मनाव गजानन रंगनाथ शिरवाडकर. दत्तक गेल्यावर ते विष्णु वामन शिरवाडकर झाले. राव, पंत, बाई, ताई ही पदे कोठे आदरार्थी व कोठे नावाचाच भाग, हे प्रत्येक वेळी पाहावे लागते. वसंतराव देशपांडे या गायकाच्या नावातील ‘राव’ काढून टाकले तरी वसंत हे नाव राहते. भीमराव या नावातून ते काढता येत नाही. महाराष्ट्र शासनाच्या २०२४ च्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकाच्या नावात स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असा चार पदांचा क्रम शासकीय दस्तऐवजांसाठी ठरविण्यात आला आहे. तीन रकान्यांचा नमुना यापुढे खुद्द महाराष्ट्रातही अपुरा पडणार, असे दिसते.

स्त्रियांची नावे व टोपणनावे : विवाहानंतर स्त्रीचे आडनाव व मधले नाव बदलते, महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांत तर तिचे स्वतःचे नावही बदलण्याची रीत होती. त्यामुळे माहेरच्या नावाने लिहिलेले लेखन एका नोंदीत आणि सासरच्या नावाने लिहिलेले दुसऱ्या नोंदीत जाते व लेखिकेची कारकीर्द मधोमध तुटते. पुरुषांच्या बाबतीत असे क्वचितच घडते, म्हणून सूचीतील हा दोष पुष्कळ दिवस कोणाच्या ध्यानात येत नाही. बाळूताई खरे, विभावरी शिरूरकर व मालतीबाई बेडेकर या तीन नावांमागे एकच लेखिका आहे, हे मराठी वाचकास ठाऊक असते. संगणकास ते सांगावे लागते. कळ्यांचे निःश्वास (१९३३) या कथासंग्रहावर विभावरी शिरूरकर हे नाव आहे आणि त्या पुस्तकाच्या नोंदीत तेच राहिले पाहिजे. ते खोडून तेथे मालतीबाई बेडेकर असे लिहिणे म्हणजे त्या काळी एका स्त्रीला टोपणनाव का घ्यावे लागले, हा इतिहासच पुसणे होय. नाव तसेच ठेवून ते मालतीबाईंच्या ओळखीला जोडणे हा योग्य मार्ग आहे.

मराठी कवींना टोपणनावांची विशेष आवड. केशवसुत (कृष्णाजी केशव दामले), बालकवी (त्र्यंबक बापूजी ठोंबरे), आरती प्रभु (चिं. त्र्यं. खानोलकर) ही नावे मूळ नावांपेक्षा अधिक परिचित आहेत. राम गणेश गडकरी यांनी नाटके स्वतःच्या नावाने, कविता गोविंदाग्रज या नावाने आणि विनोदी लेख बाळकराम या नावाने लिहिले. कुसुमाग्रजांच्या बाबतीतही विशाखा (१९४२) कुसुमाग्रजांची आणि नटसम्राट (१९७०) वि. वा. शिरवाडकरांचे, असा भेद वाचक पाळतात. अशा वेळी दोन नोंदी कराव्यात की एक? अँग्लो-अमेरिकन तालिकानियमांनी एकाच व्यक्तीच्या स्वतंत्र वाङ्‌मयीन ओळखी कालांतराने मान्य केल्या. प्रस्तुत लेखकाच्या मते माहितीसंचयात व्यक्ती एकच ठेवावी व प्रत्येक कृतीजवळ तिच्यावरील नाव द्यावे. कारण वाचकाचा भेद कृतीपुरता असतो, माणसापुरता नव्हे.

म्यूझिकब्रेन्झमध्ये अशी सोय आहे. तेथे कलावंताची नोंद एक असते. ध्वनिमुद्रिकेवर छापलेले नाव मात्र त्या त्या मुद्रिकेपाशी जसेच्या तसे देता येते. ही सोय किती उपयुक्त आहे, हे महल (१९४९) या चित्रपटातील ‘आएगा आनेवाला’ या गीताच्या जुन्या ध्वनिमुद्रिकेवरून दिसते. तीवर गायिका म्हणून कामिनी हे नाव छापले होते. ते चित्रपटातील पात्राचे नाव. आवाज लता मंगेशकर (१९२९–२०२२) यांचा. कामिनी नावाची गायिका कल्पून तिची स्वतंत्र नोंद करणे चूक, आणि मुद्रिकेवर लता मंगेशकर असेच छापले होते असे भासविणे हीही चूकच. साधी माणसं (१९६५) इ. मराठी चित्रपटांचे संगीतदिग्दर्शन त्यांनी आनंदघन या नावाने केले, तेव्हा हाच प्रश्न उलट बाजूने उभा राहतो.

लिपी व लेखन : मराठी नाव रोमन लिपीत गेले की त्याचे काही उच्चार गळतात आणि यंत्राने ते परत देवनागरीत आणले, की निराळेच नाव तयार होते. टिळकांचे तिलक होतात. काळे आणि काले, काणे आणि काने यांतील भेद नाहीसा होतो. दाते हे आडनाव रोमन लिपीत इंग्रजीतील ‘तारीख’ या अर्थाच्या शब्दासारखे दिसते, ही गोष्ट सूचिकार दात्यांनाही मौजेची वाटली असती. गोव्यातील जुन्या कागदपत्रांत पोर्तुगीज वर्णयोजनेचा परिणाम दिसतो. तीत ‘श’ हा ध्वनी एक्स या अक्षराने लिहितात; शणै, शेणवी या उपपदाचे सिनाय असेही रूप होते. कोकणी लेखक शणै गोंयबाब (वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर, १८७७–१९४६) यांच्या नावाची रोमन रूपे म्हणूनच एकसारखी नाहीत.

देवनागरीतही सर्व सुरळीत नाही. १९६२ च्या लेखननियमांनी व्यक्तिनामे दीर्घान्त लिहावीत असे ठरविले, त्यामुळे विष्णु–विष्णू, हरि–हरी, प्रभु–प्रभू अशी दुहेरी रूपे आढळतात. जुन्या मुखपृष्ठावरील ऱ्हस्व रूप ‘अशुद्ध’ म्हणून दुरुस्त करणारा नोंदकार पुरावाच बदलत असतो. आणखी एक दोष डोळ्यांना दिसतच नाही. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोड या संगणकीय वर्णसंकेतात २००८ मध्ये स्वतंत्रपणे समाविष्ट झाले. त्याआधी आणि अनेकदा त्यानंतरही ते ‘अ’ व त्यावरील अर्धचंद्र अशा दोन संकेतांनी लिहिले गेले. गोऱ्हे, कऱ्हाडे अशा नावांतील ‘ऱ्ह’सुद्धा दोन प्रकारे टंकित होते. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसत असली, तरी यंत्राच्या लेखी ती भिन्न असतात. परिणामी एक गोऱ्हे दुसऱ्या गोऱ्ह्यांच्या शोधात सापडत नाहीत आणि एकाच व्यक्तीची दुसरी नोंद केली जाते.

एकत्रीकरण व विभाजन : नाव अस्थिर असल्याने व्यक्तीला अंक देण्याची कल्पना पुढे आली. अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस, जर्मनीचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि ओसीएलसी ही ग्रंथालयसंस्था यांनी २००३ मध्ये व्हीआयएएफ हा प्रकल्प हाती घेऊन निरनिराळ्या राष्ट्रीय ग्रंथालयांच्या प्रमाणनामसूची परस्परांस जोडण्यास आरंभ केला. आयएसएनआय हे सोळा स्थानांचे ओळखचिन्ह २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाले आणि त्याच वर्षी संशोधकांसाठी ऑर्किड हे चिन्ह सुरू झाले. या चिन्हांतील शेवटचे स्थान आधीच्या पंधरा अंकांवरून गणिताने काढलेले असते, त्यामुळे एखादा अंक चुकीचा लिहिला गेल्यास तो पकडता येतो. चुकीच्या माणसाला दिलेला बिनचूक अंक मात्र असा पकडता येत नाही.

सहयोगी संचयात एकाच व्यक्तीच्या दोन नोंदी आढळल्या तर त्या एकत्र करता येतात आणि जुन्या क्रमांकावरून नव्या क्रमांकाकडे जाण्याची वाट राखली जाते. हे काम क्षणात होते व त्यात स्वयंसेवकास समाधानही लाभते. दोन भिन्न व्यक्ती चुकून एक झाल्या असता त्यांना वेगळे करणे मात्र फार कष्टाचे असते. कारण एकत्रीकरणानंतर जमा झालेली प्रत्येक कृती, प्रत्येक तारीख व प्रत्येक दुवा कोणाचा, हे नव्याने तपासावे लागते. दरम्यान ती मिश्र नोंद इतरत्र उचलली गेलेली असते, आणि कालांतराने त्या इतरत्रच्या नोंदीच मूळ चुकीला पुरावा म्हणून दाखविल्या जातात. म्हणून पुरावा अपुरा असेल तेव्हा नोंदी दोन राहू देणे श्रेयस्कर. दुहेरी नोंदीमुळे शोधणाऱ्याची थोडी गैरसोय होते. मिश्र नोंदीमुळे दोन माणसांची चरित्रे बिघडतात. कोसंबींसारख्या प्रकरणी ‘याहून भिन्न’ असा स्पष्ट निर्देश करण्याची सोय विकिडेटामध्ये आहे. ती मोठ्या प्रमाणावर वापरली पाहिजे.

नामसाधर्म्य दूर करण्यासाठी डिस्कॉग्जमध्ये नावापुढे कंसात क्रमांक देण्याची पद्धत पडली. जो प्रथम नोंदला गेला तो क्रमांकाविना राहिला आणि नंतरचे दुसरे, तिसरे झाले. यात मोठेपणाचा संबंध नाही. तथापि घाईत असलेला नोंदकार क्रमांक नसलेले नावच निवडतो, त्यामुळे त्या एका कलावंताच्या खात्यावर अनेकांच्या कृती गोळा होत जातात. ‘तबलावादक, पुणे’ अशा प्रकारचे चार शब्दांचे स्पष्टीकरण नावाशेजारी असणे हे क्रमांकापेक्षा उपकारक ठरते.

हयात व्यक्ती : दिवंगतांच्या बाबतीत पुराव्याचा शोध हेच मुख्य काम असते. हयात व्यक्तीच्या बाबतीत तिच्या इच्छेचाही प्रश्न येतो. टोपणनावाआडची व्यक्ती कोण, हे नोंदकारास कळले म्हणून ते जाहीर करण्याचा अधिकार त्याला पोचत नाही. विभावरी शिरूरकर कोण, याचे कुतूहल १९३३ च्या वाचकांनाही होतेच. लिंगभाव बदलून नवे नाव धारण केलेल्या व्यक्तींना जुने नाव सर्वत्र दिसत राहणे क्लेशकारक व प्रसंगी धोक्याचे असते. २०२० नंतर अनेक विद्वत्‌प्रकाशन संस्थांनी अशा लेखकांचे नाव पूर्वप्रसिद्ध निबंधांतही, कारण न विचारता, बदलून देण्यास प्रारंभ केला. छापलेले नाव जसेच्या तसे राखावे, या वर सांगितलेल्या नियमाशी हे विसंगत आहे आणि तरीही ते योग्य आहे. कारण तो नियम कृतीचा कर्ता सापडावा यासाठी आहे, त्याला इजा व्हावी यासाठी नाही. महाराष्ट्रात नाव बदलल्याची जाहिरात राजपत्रात प्रसिद्ध करण्याची सोय आहे व ती नोंदकारास पुरावा म्हणून उपयोगी पडते. मात्र राजपत्रातील मजकुरात जुने व नवे नाव शेजारीशेजारी छापलेले असते. त्यांतील कोणते सार्वजनिक संचयात यावे हे, व्यक्ती हयात आहे तोवर, तिला विचारूनच ठरवावे लागते. ऑर्किडमध्ये स्वतःची नोंद संशोधक स्वतःच राखतो आणि नावाची कोणती रूपे इतरांना दिसावीत हेही तोच ठरवितो.